सायकलवाल्याला दिवाळीत काय द्यावं? वाचकांचे प्रश्न

दिवाळी जवळ आली तसे पत्रांमधले प्रश्न बदललेत, आता सगळे विचारताहेत की घरातल्या सायकलवाल्याला काय द्यावं आणि तेही खिशाला परवडेल असं. तीन पत्रं निवडली आहेत, पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण त्यातलं बरंचसं सगळ्यांच्याच कामाचं आहे.

प्रश्न: माह्या लहान भावाले सायकलचं लय येड आहे. रोज १४ किलोमीटर कॉलेजले सायकलनंच जाते आन् रविवारी मित्रासंग यवतमाळले जाऊन येते. भाऊबीजेले दरवर्षी तोच मले काहीतरी देते, यंदा मले त्याले द्यायचं आहे. शिलाई करून ५०० रुपये बाजूले ठेवले आहेत. ऑनलाइन पाहिलं तं काहीच समजलं नाही, काय घेऊ?
एक ताई, दारव्हा तालुका

ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. शिलाईचे पैसे बाजूला ठेवून भावासाठी घ्यायचं म्हणताय, तर त्यातला एकही रुपया वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून आधी काय घेऊ नका ते सांगते. मोबाइलचं होल्डर, चाकातले रंगीत लाइट, वेग दाखवणारं स्वस्तातलं मीटर, हे सगळं दिसायला छान असतं पण आपल्या रस्त्यावर वर्षभर टिकत नाही. रोज १४ जाणं आणि १४ येणं म्हणजे २८ किलोमीटर करणाऱ्या पोराला खरा त्रास एकच, पंक्चर! आणि आपल्याकडे तो त्रास दिवाळीच्या सुमारास वाढतो, कारण लोक धुऱ्यावर कुंपणासाठी बाभळीच्या आणि बोरीच्या काट्या तोडून नेतात आणि त्या बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून सगळ्या पांदणभर सांडत जातात.

तर माझं म्हणणं असं की त्याला पंक्चरचं पूर्ण सामान द्या. पॅच, सोल्युशन आणि काचपेपर असलेली छोटी डबी, टायर काढायचे दोन-तीन प्लॅस्टिकचे लिव्हर आणि फ्रेमला अडकवता येईल असा छोटा हातपंप. डबी साधारण ५०-६० ची, लिव्हर तेवढ्याचेच आणि पंप अडीचशे-तीनशेपर्यंत बरा मिळतो. गावागावात भाव थोडा इकडेतिकडे होतो पण ५०० मध्ये हे बसतं आणि शंभरेक रुपये उरले तर मागचा लाल लाइट घ्या, त्याचं पुढे सांगते.

पंप घेण्याआधी मात्र एक काम गुपचूप करा, तो झोपला की त्याच्या सायकलचा वॉल्व्ह बघा. तीन प्रकार असतात. जुन्या साध्या काळ्या सायकलला वालट्यूबचा, म्हणजे ज्याच्या आत रबराची बारीक नळी असते तो. दुसरा मोटरसायकलसारखा जाड, गिअरच्या जाड टायरवाल्या सायकलींना बहुतेक हाच असतो, त्याला श्रेडर म्हणतात. तिसरा बारीक आणि लांब, टोकाला इवलासा नट जो हवा भरण्याआधी सैल करावा लागतो, तो प्रेस्टा, पातळ टायरच्या रेसिंग सायकलला येतो. मोबाइलवर फोटो काढा आणि दुकानदाराला दाखवून मगच पंप घ्या. हे मी इतकं जोर देऊन सांगते कारण मला एकदा एका दुकानातून न विचारता दुसऱ्याच वॉल्व्हचा पंप दिला गेला होता, मीही घरी लावून पाहिला नाही आणि नेरच्या पुढे पंक्चर झालं तेव्हा डबी होती, पंप होता, हात होते, पण हवा काही भरता आली नाही. नऊ किलोमीटर सायकल ढकलत नेली, संध्याकाळ झाली होती आणि घरचे वाट बघत होते. तुमच्या भावावर तशी वेळ यायला नको.

आणि भेटीसोबत त्याला एवढं नक्की सांगा. ट्यूब काढली की थोडी हवा भरून पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे येतील तिथे बोट धरायचं, मग पूर्ण कोरडी करायची. काचपेपरनं ती जागा घासायची, वरची चकाकी गेली पाहिजे. सोल्युशन पातळ लावायचं आणि थांबायचं, इथेच सगळे घाई करतात! ओलं असतानाच पॅच लावला तर तो दोन दिवसांत सुटतो, बोट लावलं तर ओलं न लागता नुसतं चिकट लागलं की मग पॅच ठेवून जोरात दाबायचा. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून चिंधी फिरवायची, नुसती बोटं नाही, कापून घेतील. बाभळीचा काटा बाहेरून तुटलेला असतो पण टोक आत तसंच राहतं, चिंधी जिथे अडकेल तिथे ते असतं. माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, ते म्हणायचे पॅच लावणारे खूप आहेत, काटा शोधणारे कमी. काटा राहिला तर पुढच्या दोन किलोमीटरवर तेच पंक्चर परत.

आता लाल लाइट. ह्या दिवसांत कापूस निघतो, सोयाबीन निघालेलं असतं, जिनिंगकडे जाणाऱ्या भरलेल्या गाड्या आणि ट्रॅक्टर अंधारातही धावतात आणि दिवस लवकर मावळतो. मागून येणाऱ्याला तुमचा भाऊ दिसला पाहिजे. लाइट सीटच्या दांड्याला लावायचा, पिशवीच्या मागे झाकला जाईल असा नाही. लाइटला पैसे पुरले नाहीत तर रिफ्लेक्टरची लाल पट्टी तरी घ्या, मागच्या मडगार्डवर चिकटवा, ती फारच स्वस्त असते आणि सेलही लागत नाही. एवढं सगळं एका कापडी पिशवीत घालून द्या, तुम्ही शिवता तर सीटखाली बांधता येईल अशी नाडीची पिशवीच शिवा ना, बाजारातली त्याच्यापुढे काहीच नाही.

प्रश्न: बाबा ६४ वर्षांचे आहेत, अजूनही शेतात सायकलनेच जातात. जुनी अॅटलस आहे. मी पुण्यात नोकरीला आहे, दिवाळीला घरी येताना त्यांना नवी गिअरची सायकल घ्यावी का? बजेट फार नाही, पण ती कंपनी बंद पडली म्हणतात, मग जुनीचे पार्ट मिळतील का?
एक वाचक, मूळ गाव आर्वी तालुका

दादा, नवी घेऊ नका. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला हे खरं आहे, नेमका जागतिक सायकल दिनालाच, ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं होतं. पण म्हणून बाबांची सायकल बाद होत नाही. त्या काळ्या दांड्याच्या सायकलचे टायर बहुतेक २८ बाय दीडचे असतात, टायरच्या बाजूला लिहिलेलं असतंच, आणि ते टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, पायडल, बेअरिंगचे छर्रे हे सगळं तालुक्याच्या गावात आजही मिळतं. उलट गिअरच्या सायकलचा मागचा डेरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, वाकला तर तो सरळ करणारा माणूस शोधायला वर्ध्याला जावं लागेल आणि मागे वैरणीचा भारा बांधायला त्या सायकलला कॅरिअरही नसतं.

तुम्ही बाबांना सायकलचं पूर्ण ओव्हरऑइल करून द्या. म्हणजे दोन्ही चाकांचे, हँडलचे आणि मधल्या अॅक्सलचे छर्रे काढून धुऊन नवीन ग्रीस, चारही ब्रेक रबर नवे, चेन ताणली असेल तर चेन नवी, आणि स्प्रिंगची सीट. चेन बदलली तर मागचं फ्रीव्हीलही बघा, दात झिजलेले असतील तर नवी चेन त्यावर घसरते आणि उतारवयात पाय घसरून पडणं वाईट. हे सगळं मिळून नव्या सायकलच्या किमतीच्या मानानं फारच थोडक्यात होतं. ज्या मिस्त्रीकडे बाबा नेहमी जातात त्याच्याकडेच द्या आणि दुपारभर तिथे बसा, बाबांना पण न्या, मुलगा आपल्या सायकलपाशी बसलाय हे त्यांना पायडलपेक्षा जास्त आवडेल.

एक गोष्ट बाबांनाही सांगा, चेनला गाडीचं जळकं ऑइल लावू नका. गावात सगळे लावतात कारण फुकट मिळतं, पण त्यात बारीक चुरा असतो आणि वर आपल्या काळ्या मातीची धूळ चिकटली की चेन घासून जाते. चांगलं ऑइल थेंब थेंब सोडायचं, पायडल मागे फिरवायचं आणि वरचं कापडानं पुसून टाकायचं. तेल कड्यांच्या आत हवं, वरून चेन कोरडीच बरी.

प्रश्न: माझ्या मैत्रिणीनं २०० किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, करायचं ठरवलंय. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांची मुलाखत ऐकल्यापासून तिला दुसरं काही सुचत नाही. तिच्या सीटसाठी जेलचं कव्हर देऊ का? ७०० पर्यंत चालेल.
एक वाचक, पुसद

समर्थांनी २०१७ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, एकट्यानं पूर्ण केली, म्हणजे साधारण ४,८०० किलोमीटर १२ दिवसांच्या आत, आपल्या विदर्भातला माणूस! तुमच्या मैत्रिणीला त्यातून सुचलं याचा मला खूप आनंद आहे.

जेल कव्हर मात्र नको. तासाभराच्या फेरीला ते मऊ वाटतं पण २०० च्या ब्रेवेला साडेतेरा तासांची मुदत असते, तेवढा वेळ बसलं की जेल दबून बाजूला सरकतं आणि नको तिथे टोचतं, शिवाय कव्हर घसरतं. त्याऐवजी पॅड शिवलेली सायकलची शॉर्ट घ्या, सातशेच्या आसपास साधी मिळते, मुलींच्या मापाची वेगळी मागून घ्या कारण पॅडचा आकार वेगळा असतो. ती आतले कपडे न घालता थेट घालायची असते, हे तिला कोणी सांगितलं नसेल तर तुम्ही सांगा, नाहीतर शिवण घासून साल निघते. आणि आधी चार-पाच लांब फेऱ्यांना घालून पाहायची, त्या दिवशी पहिल्यांदा नाही.

तिच्याकडे शॉर्ट आधीच असेल तर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट द्या, ब्रेवेला अंधारात ते लागतंच, पुढचा-मागचा लाइट पण लागतो. पहाटे सुरू होतात त्या, थंडीत पुसदहून निघून नागपूरला आदल्या रात्री पोचायचं म्हणजे सामान कमीच बरं, आणि जॅकेट घडी करून खिशात मावतं.