होडीचे ८०, झुरीचे ६०

प्रश्न : शाळेत असताना ‘रॉबिन्सन क्रूसो’च्या संक्षिप्त मराठी आवृत्तीची मी पारायणे केली होती. आता १२ वर्षांच्या नातवाला देण्यापूर्वी मूळ पुस्तक समग्र वाचले आणि मन खट्टू झाले. क्रूसोचे जहाज फुटले तेव्हा तो ब्राझीलहून गिनीच्या किनाऱ्यावर गुलाम आणायला निघाला होता, हे मला ठाऊकच नव्हते. हे पुस्तक मुलाच्या हाती द्यावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलांसाठी ही कथा आटोपशीर करताना कात्री सहसा जहाज फुटल्यावर क्रूसो एकटा अडकतो त्या बेटाच्या भागाला लागत नाही, त्याच्या आधीच्या भागाला लागते. डॅनियल डिफोच्या १७१९ सालच्या या कादंबरीत क्रूसो स्वतः मोरोक्कोतील साले बंदरात दोन वर्षे गुलाम होता, आणि तिथून तो झुरी नावाच्या मुलाला बरोबर घेऊन होडीतून निसटतो. वाटेत त्यांना जहाजावर घेणारा पोर्तुगीज कप्तान होडीचे ८० आणि झुरीचे ६० चांदीची नाणी देऊ करतो. ज्याने आपल्या सुटकेला हात दिला त्याचेच स्वातंत्र्य विकायला क्रूसो कचरतो खरा. पण मुलगा ख्रिस्ती झाल्यास १० वर्षांनी त्याला मुक्त करीन, असे कप्तानाने म्हणताच व्यवहार पुरा होतो. मला याहून बोचते ते पुढेच. ब्राझीलमध्ये मळा उभारताना माणसे कमी पडू लागतात, तेव्हा झुरीला जाऊ दिले ही आपली चूक झाली, असे क्रूसोला वाटते. म्हणजे हळहळ आहे, पण ती हाताखालचा गडी गेल्याची.

तरीही पुस्तक द्यावे, असेच मी म्हणेन, आणि ते होडीच्या प्रकरणासाठी. बेटावर क्रूसो एक प्रचंड देवदार तोडतो: बुंध्याला २० दिवस, फांद्या छाटायला १४, बाहेरून आकार द्यायला महिना आणि आतून कोरायला जवळजवळ तीन महिने. २६ माणसे मावतील अशी होडी तयार होते, पण पाणी १०० यार्डांवर आणि मध्ये चढ. ती तसूभरही हलत नाही. कालवा खणायला १० ते १२ वर्षे लागतील, असा हिशेब झाल्यावर तो जड मनाने नाद सोडतो. फसलेल्या श्रमाचे इतके बारीक वर्णन साहसकथांत क्वचितच सापडते, आणि १२ वर्षांच्या मुलाला ते नक्की कळते.

फ्रायडेचा, म्हणजे क्रूसोने बेटावर वाचवून चाकर केलेल्या तरुणाचा, भाग मला तितकासा रुचत नाही. क्रूसो त्याला स्वतःचे नाव सांगतो तेही ‘मालक’ असे. पण त्यात एक जागा फार चांगली आहे. देव सैतानाहून बलवान आहे, तर त्याला मारून का टाकत नाही, असे फ्रायडे विचारतो. क्रूसो आधी ऐकू न आल्याचे सोंग करतो आणि शेवटी त्याला लांबून काहीतरी आणायला पिटाळतो.

झुरीचा भाग आपण नातवाबरोबर बसून वाचा. मुलापेक्षा होडी महाग कशी, असे त्याने विचारले, तर त्याला पाणी आणायला मात्र पाठवू नका.