रात्री कॅमेरा आंधळा होतो? नवीन घेण्याआधी गेटवरचं व्होल्टेज मोजा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ तुमचं रो हाऊस, बाहेर चार कॅमेरे, दिवसा चित्र लख्ख. अंधार पडला की गेटवरच्या कॅमेऱ्यात पांढरं धुकं, मध्येच चित्र थरथरतं, कधी काळंच पडतं. यजमानांची अंबडला रात्रपाळी, त्यामुळे नेमकी रात्रीच काळजी. आणि दुकानदार म्हणतो, दोन मेगापिक्सेल आता जुने झाले, पाचचे टाका. त्याला काय उत्तर देऊ, असं तुम्ही विचारलंय. अक्षरशः हेच सगळं आमच्याकडे झालंय. एवढंच सांगतो, इतक्यात पैसे देऊ नका.

तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगवेगळी दुखणी एकत्र आली आहेत. पांढरं धुकं हे उजेडाचं दुखणं. थरथरणं आणि काळं पडणं हे करंटचं. पाच मेगापिक्सेलने दोन्हीपैकी एकही बरं होत नाही.

आधी करंटचं, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि मनस्ताप आमचा तिथेच गेला. आमचं घर मखमलाबादच्या बाजूला. घरापासून गेट लांब आहे, वायर बागेच्या कडेने फिरून जाते, पंचेचाळीस मीटर तरी असेल. दिवसा कॅमेऱ्याला करंट कमी लागतो, साध्या बुलेट (नळीसारख्या) कॅमेऱ्याला पाव अँपिअरच्या आसपास. अंधार झाला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि मागणी अर्ध्या अँपिअरपर्यंत जाते. वायर बारीक आणि लांब असेल तर त्या वाढीव करंटचा दाब वायरच खाते. अर्धा स्क्वेअर एमएमच्या शुद्ध तांब्याच्या वायरीतसुद्धा एवढ्या अंतरावर जाऊन-येऊन दीड व्होल्टपेक्षा जास्त गळती होते. आणि आपल्याकडे सर्रास टाकतात ती थ्री प्लस वन वायर (तीन बारीक तारा आणि चित्राची एक केबल एकत्र) बऱ्याचदा तांब्याची नसतेच. आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. तिचा विरोध तांब्याच्या दीडपट, आणि तारही बारीक. मग बारा व्होल्ट निघालेले गेटवर नऊच पोहोचतात. कॅमेरा चालू होतो, दिवे लावतो, व्होल्टेज पडतं, बंद पडतो, दिवे विझतात, व्होल्टेज वाढतं, पुन्हा चालू होतो. रात्रभर हेच. तुम्हाला जी थरथर दिसते ती बहुतेक हीच.

आता आमच्याकडे ज्यांनी कॅमेरे बसवले त्यांच्या ऑफिसबद्दल. नाव घेणार नाही, पण जे झालं ते लिहितोच. तक्रार केली की ते माणूस पाठवायचे, आणि पाठवायचे सकाळी अकराला. सकाळी अकराला चित्र सुरेखच असणार! तो मोबाईलवर बघायचा, ‘ओके आहे काका’ म्हणायचा, सही घ्यायचा आणि कंप्लेंट बंद. मी विनवून सांगितलं की बाबांनो, संध्याकाळी सातनंतर या. उत्तर ठरलेलं, ऑफिसची वेळ सहापर्यंत. फोनवर एक जण म्हणाला, ‘रात्री असंच दिसतं, सगळ्यांकडे असंच आहे.’ मग त्यांच्याच सांगण्यावरून चारही कॅमेरे बदलले. नवे आले, दिवसा आणखी छान दिसायला लागलं, आणि पहिल्याच रात्री गेटचा कॅमेरा पुन्हा काळा. नव्या कॅमेऱ्यांचे दिवे जास्त ताकदीचे होते, म्हणजे करंट आणखी जास्त. दुखणं वाढलंच.

आमच्या भागात हा नुसता चोरीचा प्रश्न नाही. बागा आहेत, ऊस आहे, नदी जवळ. सिडको, गोविंदनगर, गंगापूर रोडसारख्या भरवस्तीत बिबटे येऊन गेलेले सगळ्या नाशिकने पाहिलेत. शेजाऱ्यांचा कुत्रा एका रात्री गेला. वनखात्याची माणसं आली तेव्हा त्यांनी साहजिकच आमच्या गेटचं फुटेज मागितलं. दाखवायला होतं काय, तर काळा पडदा आणि मध्ये मध्ये पांढरी चमक. घरात लहान मुलं आहेत, ती संध्याकाळी त्याच गेटपाशी खेळतात. त्या दिवशी मला त्या ऑफिसचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

शेवटी उलगडा केला तो सातपूर आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड करणाऱ्या माझ्या भाच्याने. दिवेलागणीला गेटवर शिडी लावली, कॅमेऱ्याच्या पिनेपाशी मल्टिमीटरच्या सुया धरल्या आणि तसाच थांबला. उजेड होता तोवर मीटरवर १०.८. मग अंधारलं, कॅमेऱ्याच्या आतून टक् असा बारीक आवाज आला, काचेमागचे दिवे मंद लाल झाले, आणि आकडा डोळ्यांदेखत ८.९ वर आला. चित्र गेलं. सुया काढायच्या आत सगळं कळलं होतं.

तुम्हीही हेच करा. मल्टिमीटर एम.जी. रोडला सहज मिळतो, कामापुरता असेल तर महाग नसतो. मोजायचं कॅमेऱ्याच्या टोकाला, डीव्हीआरजवळ (रेकॉर्डिंगच्या मशीनजवळ) जो बारा व्होल्ट देणारा डबा, म्हणजे एसएमपीएस असतो, तिथे नाही. डब्यात बहुतेक बारा दिसतील, पण त्यावरून गेटवर किती पोहोचतात ते कळत नाही. आणि मोजायचं रात्रीचे दिवे लागलेले असताना. टेक्निशियन दिवसाच येतो म्हणत असेल तर कॅमेऱ्याच्या काचेवर जाड काळं कापड गुंडाळा किंवा मेनूतून नाइट मोड सक्तीने चालू करा. दिवे दिवसाही लागतील आणि जो काही बिघाड आहे तो त्याच्या समोर, सकाळी अकरालाच दिसेल. ही युक्ती मला आधी कोणी सांगितली असती तर चार कॅमेऱ्यांचे पैसे वाचले असते.

अकराच्या खाली येत असेल तर उपाय बहुतेक वायरचाच. आम्ही गेटपर्यंत वीजपुरवठ्यासाठी दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी वायर पाइपातून नेली. आता रात्री ११.४ मिळतात आणि कॅमेरा एकदाही काळा पडलेला नाही. काही जण गेटवरच छोटा अ‍ॅडॅप्टर बसवा म्हणतात. त्याने काम होतं, पण त्यासाठी २३० व्होल्टची लाइन बागेतून न्यावी लागते, आणि आपल्याकडचा पावसाळा बघता मला ते पटत नाही. काही एसएमपीएसना व्होल्टेज कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो, तो फिरवून तेरा करतात. पण त्याच डब्यावरून जवळचे कॅमेरेही चालतात, त्यांनाही तेरा जातात. कॅमेऱ्याच्या लेबलवर किती चालतं ते वाचल्याशिवाय हात लावू नका. मी इलेक्ट्रिशियन नाही. बारा व्होल्टच्या बाजूचं सांगतोय, मेनच्या बाजूला जाणकार माणूसच पाहिजे.

नवीन घर असेल, वायरिंग अजून व्हायचं असेल, तर सरळ आयपी कॅमेरे (नेटवर्कच्या केबलवर चालणारे) आणि पीओई (त्याच केबलमधून वीज) घ्या असं माझं मत. त्यात वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत हा गळतीचा त्रास जवळजवळ होत नाही. वायर मात्र तिथेही शुद्ध तांब्याचीच मागा.

आता धुकं. कॅमेरा स्वतःचा उजेड समोर टाकतो, तो जवळच्याच कशावर तरी आपटून परत आला की सगळं पांढरं होतं. हेडलाइट लावून धुक्यात गाडी चालवल्यासारखं. तुमच्या फोटोत डाव्या बाजूला छज्ज्याची पांढरी कड फ्रेममध्ये दिसते आहे. बहुधा तीच कारण आहे. कॅमेरा थोडा पुढे घ्या किंवा खाली वळवा, ती कड फ्रेमबाहेर गेली पाहिजे. दुसरा संशय जाळ्यांचा. कॅमेरा गरम असतो, कोळ्यांना आडोसा आवडतो, आणि दिवसा न दिसणारा एक धागा रात्री फ्रेमभर दोरखंडासारखा चमकतो. आठवड्याला एकदा लांब झाडूने जाळी काढायची, एवढंच. कीटकनाशकाचा फवारा काचेवर मारू नका, प्लास्टिक पांढुरकं पडतं आणि ते परत येत नाही. डोम कॅमेरा असेल तर त्याचं अर्धगोल कव्हर आतबाहेर पुसा, आतली फोमची रिंग जागेवर आहे का ते बघा. सरकली असेल तर दिव्यांचा उजेड कव्हरच्या आतूनच लेन्सवर येतो. बाहेर लावायला मी डोम घेणारच नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे काचेवर दव बसतं, तेव्हाचं धुकं वेगळं. ऊन आलं की जातं, त्यावर खर्च करू नका.

रात्रीच्या चित्रासाठी खरंच पैसे घालायचे असतील तर उजेडात घाला. पोर्चमध्ये नऊ वॅटचा एलईडी बल्ब रात्रभर चालू ठेवला तर महिन्याला तीन युनिटच्या आसपास जातात. अंधार-उजेड ओळखणारा सेन्सर होल्डर लावला की विसरायला नको. बल्ब कॅमेऱ्यापासून चार-पाच फूट बाजूला, म्हणजे किडे तिकडे जमतील. पिवळसर घ्या, पांढऱ्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात. माणूस आला की लागणारा दिवा लोकांना आवडतो, मला कॅमेऱ्यासाठी आवडत नाही. अचानक उजेड पडला की कॅमेरा काळ्या-पांढऱ्यातून रंगीतमध्ये जातो, आणि चेहरा समोर असतो तेव्हाच क्षणभर चित्र फिस्कटतं. मंद पण कायमचा उजेड बरा.

पाच मेगापिक्सेलबद्दल माझं मत ऐका. सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, तेवढाच ठेवून त्यावर जास्त पिक्सेल कोंबले की प्रत्येक पिक्सेलला उजेड कमी मिळतो. रात्री मोठा सेन्सर आणि लेन्सचा मोठा डोळा उपयोगी, म्हणजे एफ २.० पेक्षा एफ १.६ बरा, एफ १.० आणखी बरा; एफचा आकडा लहान तेवढा डोळा मोठा. दुकानात सेन्सरचा आकार आणि एफ हे दोन आकडे विचारा, सांगता आले नाहीत तर दुसरं दुकान बघा. लेन्सचंही तेच. तुमच्याकडे २.८ एमएमची लेन्स आहे, ती सगळं अंगण दाखवते, पण माणूस ओळखायला चेहऱ्याच्या जागी एक मीटर रुंदीला अडीचशे पिक्सेल लागतात असं मानतात. त्या हिशेबाने दोन मेगापिक्सेलमध्ये साधारण दहा फुटांपर्यंतच चेहरा ओळखू येईल, तोही चांगल्या उजेडात. गेटसाठी एकच कॅमेरा ६ एमएमचा करा, तो त्याच पिक्सेलमध्ये पंचवीस फुटांपर्यंत नेईल. आणि स्लॅबच्या उंचीवर नको, आठ-नऊ फुटांवर. वरून फक्त टोपी दिसते.

सेटिंगचं थोडक्यात. शटर आपोआप फार मंद होत असेल तर चालणारा माणूस भुतासारखा पुसट येतो, १/२५ सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नका. मेनूत पीएएल किंवा ५० हर्ट्झ (आपल्या विजेशी जुळणारं) ठेवा, नाहीतर एलईडीच्या उजेडात पट्टे सरकतात. डीव्हीआरमध्ये रेकॉर्डिंग ‘१०८० एन’ किंवा ‘लाइट’ असेल तर आडवे पिक्सेल निम्मेच साठतात, पूर्ण १०८० मिळत असेल तर ते करा. मोबाईलवर दिसतं ते बहुतेक वेळा हलक्या दर्जाचं सबस्ट्रीम असतं, त्यावरून कॅमेऱ्याचा निकाल लावू नका, टीव्हीला जोडून बघा. डीव्हीआरचं घड्याळही तपासा. वेळ चुकलेली असेल तर पोलिसांना फुटेज देताना फार त्रास होतो.

पण हे काहीही बदलायला अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो, आणि तो तुमच्याकडे आहे का? आमच्याकडे नव्हता. त्या ऑफिसने फक्त बघण्यापुरतं युजर खातं करून दिलं होतं, आणि पासवर्ड मागितला की ‘सेटिंग बिघडेल, वॉरंटी जाईल’ असं सांगायचे. पैसे आपले, घर आपलं, आपल्या अंगणात कोण येतं-जातं ते बघायची किल्ली मात्र बाहेरच्या ऑफिसात. मला हे सुरक्षेच्या दृष्टीनेही फार वाईट वाटतं. पासवर्ड मिळाल्यावर बघितलं तर आमच्या डीव्हीआरच्या ऑनलाइन खात्यात त्यांच्या एका जुन्या कामगाराचा नंबर अजून जोडलेला होता. तुम्ही लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. देत नसतील तर बिल आणि डीव्हीआरवरचा सीरियल नंबर घेऊन थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी बोला, बिल तुमच्या नावावर असेल तर रीसेटचा मार्ग असतो. मिळाला की लगेच बदला आणि कोणकोणती खाती जोडलेली आहेत ती एकेक तपासून काढून टाका.

तुम्ही विचारलंत की दुकानदाराला काय उत्तर देऊ. सांगा, आठवडाभर थांबा. तोवर गेटवरचं रात्रीचं व्होल्टेज मोजा, छज्जा फ्रेमबाहेर काढा, आणि दोन्ही झाल्यावरचा रात्रीचा एक फोटो इथे टाका, टीव्हीवरचा, मोबाईलवरचा नको. वायर किती मीटर आहे आणि एका एसएमपीएसवर किती कॅमेरे आहेत तेही लिहा. चारही एकाच पाच अँपिअरच्या डब्यावर असतील आणि डबा जुना असेल तर दिवेलागणीला तो स्वतःच दमत असेल, मग वायरच्या आधी तो बदलावा लागेल.