रेझिनमध्ये बुडवलेलं व्हिनियर प्रेसमध्ये जास्त दबतं की कमी?

तुम्ही विचारलंय, फिनॉलिक रेझिनमध्ये (उष्णतेने कडक होणारं चिकट द्रावण) बुडवलेली व्हिनियर्स, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, थर लावून दाबली तर साध्यापेक्षा जास्त दबतात का. दबतात, पण रेझिन कच्चं आहे तोवरच. एकदा का ते शिजलं, म्हणजे उष्णतेने कडक झालं, की लाकूड अडून बसतं. हे मी एका माणसाला सांगून थकलो, म्हणून इथे लिहितोय.

ट्रान्सफॉर्मरसाठी दाबीव लाकूड बनवणाऱ्या कारखान्यात मी प्रेसवर होतो. बीच नावाच्या झाडाची, दीड मिलिमीटरची 40 व्हिनियर्स, म्हणजे 60 मिलिमीटरचा गठ्ठा. दीडशे अंशांच्या आसपास दाबला की 40 वर यायचा, घनता पाण्याच्या 1.3 पट. एका पावसाळ्यात तो 48 च्या खाली उतरेना. साहेब म्हणाले, प्रेशर वाढव. वाढवलं. कडा फुटल्या आणि 48 चे 47 झाले. मग म्हणे ऑपरेटर झोपा काढतात.

झालं होतं असं, की पावसात माल वाळेना म्हणून कुणीतरी रेझिनमध्ये बुडवलेली व्हिनियर्स दाबण्याआधी वाळवायचा ओव्हन 80 अंशांवरून 120 वर नेला होता. व्हिनियर हातात घेतलं की पापडासारखं वाजायचं. कच्चं रेझिन पेशींच्या भिंतींत शिरून त्यांना मऊ करतं, म्हणून आतल्या पोकळ्या कमी दाबात मिटतात. तेच ओव्हनमध्ये शिजलं तर भिंतींना आतून टेकू लागतो. मी दोन तुकडे स्पिरिटमध्ये टाकून दाखवले. 80 वाल्याचं स्पिरिट कोऱ्या चहासारखं झालं, 120 वाल्याचं जवळपास तसंच राहिलं. साहेबांनी बाटलीला बूच लावलं आणि प्रेशर गेज कॅलिब्रेशनला पाठवला!

तुमचा माल दबत नसेल तर आधी हीच बाटली करा. प्रेसला हात नंतर लावा. आणि रेझिन वाचवायच्या भानगडीत पडू नका: कोरडं लाकूडही गरम करून भरपूर दाबता येतं, पण पाणी लागलं की बरंचसं पुन्हा फुगतं. दाबलेल्या अवस्थेत शिजलेलं रेझिनच ते धरून ठेवतं.

हो, हे सगळं लहान रेणूंच्या रेझिनचं. प्लायवूडचा नेहमीचा गोंद बराचसा थरांमध्येच राहतो, भिंतीत फारसा जात नाही. ॲसिटिलेशनचं (लाकूड कमी पाणी शोषेल अशी रासायनिक प्रक्रिया) गणितही वेगळं, त्यात पाण्याने मऊ पडणंच कमी होतं. आणि 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या लोकांनी लाकूड कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइटमध्ये उकळून थोडं लिग्निन (पेशींच्या भिंती कडक ठेवणारा पदार्थ) काढलं, मग 100 अंशांवर दाबून जाडी पाचव्या हिश्श्यावर आणली. तिथेही आधी भिंत मऊ केली, मग दाब दिला.