सरकारने प्रत्येकाला आरोग्यसेवेची हमी द्यावी का?

द्यायलाच हवी. फुकट मिळालं की लोक गैरफायदा घेणार नाहीत का आणि पैसा आणायचा कुठून, असं तुम्ही विचारलंय. आधी गैरफायद्याचं बोलतो, कारण आमचे दाजी दर सणाला तेच ऐकवतात.

माझे वडील पुण्यात रिक्षा चालवायचे. केशरी रेशनकार्ड असल्याने आम्ही मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसत होतो. एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली, घामाने शर्ट चिंब. जवळच्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात नेलं. ईसीजी काढून अटॅक आहे म्हणाले आणि काउंटरवरून विचारणा झाली, डिपॉझिट किती भरताय? मी कार्ड पुढे केलं. योजनेच्या खाटा भरल्यात, आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारे, सकाळी येतील, असं उत्तर आलं. अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, ही उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेली योजना आहे. तिचा फलक त्याच भिंतीवर होता, पुढे पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचलेले. मी खोका सरकवून मोठ्याने वाचलं. सिक्युरिटीवाल्याने खोका परत जागेवर ठेवला.

तसंच ससूनला, पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात नेलं. केसपेपर निघायच्या आत त्यांना आत घेतलं. झोपेने डोळे लाल झालेली एक निवासी डॉक्टर मला म्हणाली, "दादा, कागद नंतर, आधी यांचा शर्ट काढा." अँजिओप्लास्टी तिथेच झाली, फुले योजनेतूनच.

आता सांगा, गैरफायदा कोणी घेतला? हौस म्हणून कोणी स्टेंट बसवून घेत नाही. धर्मादाय म्हणून करात सूट घ्यायची आणि दारात आलेल्याला डिपॉझिट मागायचं, याला गैरफायदा म्हणतात. दाजींच्या मेडिक्लेमचा हप्ता कंपनी भरते, ते मात्र फुकट नाही!

पैशाचं म्हणाल, तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. आपण तिथवर पोचलोच नाही. थायलंड श्रीमंत नव्हता, तरी त्याने २००२ मध्ये सगळ्यांना योजनेत घेतलं. नुसती विम्याची कार्डं वाटून भागणार नाही, ससूनसारखी आणखी रुग्णालयं आणि त्यांत पुरेशी माणसं हवीत.

ससूनमध्ये सगळं छान आहे असं नाही. काही औषधं बाहेरून आणावी लागली, आई व्हरांड्यात चटईवर झोपायची. सगळेच खासगी डॉक्टर लुटारू असतात असंही नाही, आमचे फॅमिली डॉक्टर देवमाणूस आहेत.

तुमच्यावर अशी वेळ आली तर नकार लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तालयात तक्रार द्या. आणि घरातलंच कोणी फुकटे म्हणालं तर ऐकून घेऊ नका. माझ्या वडिलांनी आयुष्यभर पेट्रोलवर, टायरवर, अंगाच्या साबणावरसुद्धा कर भरलाय.