‘सॉलिडॅरिटी’ म्हणजे पाठिंबा का?

प्रश्न असा आला आहे : “एका कामगार संघटनेच्या इंग्रजी पत्रकाचं मराठी करतो आहे. विषय आहे रशियाच्या आक्रमणाला तोंड देणाऱ्या युक्रेनी जनतेशी जगभरच्या कामगार चळवळीची ‘सॉलिडॅरिटी’. सहानुभूती, पाठिंबा, एकता, एकजूट, ऐक्यभाव असं सगळं लिहून खोडलं. यातलं बरोबर काय?”

खोडलंत ते बरं केलंत. निदान पहिले दोन तरी खोडायलाच हवे होते.

‘पाठिंबा’ आधी घेतो, कारण बातम्यांत डोळे मिटून तोच टाकला जातो. मराठीत पाठिंबा देता येतो, जाहीर करता येतो आणि एका रात्रीत काढूनही घेता येतो. तो बाहेरूनही देता येतो, हे तर आपल्याकडच्या अपक्ष आमदारांनी आपल्याला नीट शिकवलं आहे. देणारा आपल्या जागी शाबूत, घेणारा त्याच्या जागी. शिवाय पाठिंबा म्हटला की तो बहुधा सरकारला, पक्षाला, उमेदवाराला असतो. तुमच्या पत्रकात नेमकी इथेच गफलत होईल.

युक्रेनमधल्या कामगार संघटना २४ फेब्रुवारी २०२२ पासून रशियाच्या फौजांविरुद्ध आहेत. त्यांचे सभासद आघाडीवर लढताहेत, बाकीचे रेल्वे, खाणी, वीजकेंद्रं, दवाखाने चालू ठेवताहेत. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झेलेन्स्की यांनी ५३७१ क्रमांकाच्या विधेयकावर सही केली. त्यामुळे लष्करी कायदा लागू असेपर्यंत २५० पर्यंत कामगार असलेल्या आस्थापनांमध्ये मालक आणि एकटा कामगार यांच्यातला करार हाच मुख्य ठरला. कामगार कायद्याचं बरंचसं संरक्षण बाजूला पडलं. युक्रेनी संघटनांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला, आणि परदेशातल्या संघटनांनीही त्यांच्या बाजूने निषेधाची पत्रं धाडली. म्हणजे एकाच दमात पुतिनच्या रणगाड्यांविरुद्ध उभं राहायचं आणि आपल्याच संसदेच्या कायद्याविरुद्धही. ‘युक्रेनला पाठिंबा’ या दोन शब्दांत हे मावत नाही. मूळ वाक्यात ‘युक्रेनी जनता’ म्हटलंय ते उगाच नाही. तेवढं मात्र भाषांतरात गाळू नका.

‘सहानुभूती’ची फोड सुरेख आहे : सह अनुभूती, बरोबरीने अनुभवणं. पण शब्द फोडीवर जगत नाहीत, वापरावर जगतात. आज सहानुभूती म्हणजे दवाखान्यात केळी घेऊन भेटायला गेलेला माणूस. पाच वाजले की तो घरी जाणार. ती वरून खाली वाहते आणि तिच्या टोकाला ‘कीव’ बसलेली असते. (युक्रेनच्या राजधानीचं नाव मराठीत लिहिताना हा घोटाळा कुणालाही सुचतोच. त्याकडे शेवटी येतो.)

आता मूळ शब्दाच्या घरी जाऊन येऊ, कारण गंमत तिथे आहे. सॉलिडॅरिटीचा जन्म चळवळीत झालेला नाही, कर्जाच्या कागदात झाला आहे. रोमन कायद्यात ‘इन सोलिदुम’ अशी एक जबाबदारी होती. चौघांनी मिळून कर्ज घेतलं तर सावकार चौघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ‘माझा चौथा हिस्सा घ्या नि मला सोडा’ हे चालत नाही. त्यावरून फ्रेंचांनी ‘सोलिदारिते’ केला, १८०४ च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेत तो याच अर्थाने आहे. कामगारांनी तो पुढे १९व्या शतकात उचलला.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ४३ जवळपास हेच सांगतं, आणि पतपेढीच्या जामीनपत्रावर ‘आम्ही संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या जबाबदार राहू’ ही ओळ तुम्ही न वाचता सही केलेली असेलच. मीही केली होती. ऑफिसातल्या एका मित्राला जामीन राहिलो, त्याने सात हप्त्यांनंतर तोंड फिरवलं आणि एके दिवशी नोटीस माझ्या दारात. आम्ही दोघे जामीनदार, म्हणून मी निम्म्या रकमेचा हिशेब घेऊन गेलो. तिथल्या वसुली अधिकाऱ्याने कागद माझ्याकडे वळवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “साहेब, इथे निम्मं कुठे लिहिलंय?” सॉलिडॅरिटीची इतकी चोख व्याख्या मला कुठल्या कोशात मिळालेली नाही.

तेव्हा मूळ अर्थ भावनेचा नाही, देण्याचा आहे. दुसऱ्याचं देणं माझ्या डोक्यावर, तेही पूर्ण. ही कसोटी लावली की युक्रेनच्या बाबतीत कुठे हा शब्द शोभतो आणि कुठे नुसतं पत्रक निघालं, ते लगेच कळतं. एप्रिल २०२२ च्या अखेरीस ‘सनी लायगर’ नावाचं टँकर रशियन डिझेल घेऊन युरोपात हिंडत होतं. झेंडा मार्शल बेटांचा, त्यामुळे रशियन जहाजांवरची बंदी त्याला लागत नव्हती. कागदोपत्री सगळं कायदेशीर. पण स्वीडनमधल्या गोदी कामगारांनी माल उतरवायला नकार दिला, मग रॉटरडॅममध्ये नकार, मग ॲम्स्टरडॅममध्ये. इंग्लंडात स्टॅनलो रिफायनरीच्या कामगारांनीही मार्चमध्ये रशियन तेलाला हात लावणार नाही असं सांगितलं होतं. नळी जोडायची नाही, बस.

आणि बेलारूस. तिथून रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं. तिथल्या स्वतंत्र संघटनांच्या महासंघाने युद्धाचा निषेध केला. एप्रिल २०२२ मध्ये पुढाऱ्यांची धरपकड झाली, जुलैत महासंघच बरखास्त झाला आणि डिसेंबरमध्ये अध्यक्ष अलाक्सांदर याराशुक यांना चार वर्षांची शिक्षा सुनावली गेली. नोटीस जामीनदाराच्या दारात आली ती अशी. उलट रशियातल्या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाचं नेतृत्व आपल्या सरकारच्या मागे उभं राहिलं. आणि नावात ‘स्वतंत्र’ हा शब्द आहे तो यांच्या.

मग मराठीत काय? ‘एकता’ मला सरकारी वाटते, भिंतीवरच्या घोषणेसारखी. ‘ऐक्यभाव’ व्याकरणशुद्ध आहे, पण तो कुणी कधी तोंडाने उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. ‘एकजूट’ हा मात्र अस्सल चळवळीचा शब्द. ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ ही घोषणा गिरणगावाच्या गेटवर पिढ्यान्‌पिढ्या घुमली. अडचण एवढीच, की एकजूट ही आपली आपल्यात असते. ती ‘ची’ प्रत्यय मागते : कामगारांची एकजूट, शेतकऱ्यांची एकजूट. ‘युक्रेनी जनतेशी एकजूट’ म्हटलं की ‘शी’ खड्यासारखा दाताखाली येतो. ‘युक्रेनच्या आणि जगातल्या कामगारांची एकजूट’ असं वाक्य फिरवलंत तर चालेल, नुसतं शीर्षकात कोंबू नका.

‘बंधुभाव’ चांगला, पण त्याची चुलतबहीण ‘भाऊबंदकी’ मराठी माणसाला आधी आठवते, आणि ती तर कोर्टातच भेटते.

‘पाठीशी उभं राहणं’ छान आहे. फक्त लेखनात घाई करून ‘पाठीशी घालणं’ करू नका. पाठीशी घालतात ते गुन्हेगारांना. एका प्रसिद्धीपत्रकात ‘संघटना शोषितांना पाठीशी घालील’ असं मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आहे. ‘पाठराखण’चंही तसंच झालं. नवरीबरोबर सासरी जाणारी ती पाठराखीण, परक्या घरात पहिले दिवस तिच्या सोबतीला राहणारी. अर्थ किती जवळचा! पण आज मंत्री भ्रष्ट अधिकाऱ्याची पाठराखण करतो, त्याला इलाज नाही.

एक शब्द इथे मुद्दाम सांगतो, पत्रकात वापरायला नव्हे, नुसता चवीला. युक्रेनी खेड्यांत ‘तोलोका’ नावाची जुनी चाल आहे. कुणाचं घर बांधायचं, कुणाची कापणी उरकायची, की गाव जमतं, मजुरी कुणी घेत नाही, घरधनी जेवण घालतो. युद्धात पडलेली घरं उभारायला जमणाऱ्या लोकांच्या कामालाही तिथे हाच शब्द वापरतात. वाचल्याबरोबर मला आपलं ‘इर्जिक’ आठवलं. एखाद्याची नांगरट मागे पडली की शेजारपाजारचे आपापली औतं, बैल घेऊन त्याच्या रानात उतरतात, दिवसात काम उरकतात आणि रात्री त्याच्याकडे जेवून घरी जातात. ‘सावड’ जरा वेगळी : आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, हिशेब चोख. इर्जिकेत हिशेब नाही.

राहिला ‘साथ’. माझं मत याच्या बाजूला. साथ ‘देतात’, पण पाठिंब्यासारखी दुरून देता येत नाही, शेजारी बसावं लागतं. आणि गाण्याच्या बैठकीतला तो अर्थ मला फार पटतो : साथ करणारा स्वतःचा राग सुरू करत नाही, गाणाऱ्याच्या मागे जातो. युक्रेनच्या कामगारांना काय हवं ते त्यांनी ठरवायचं आणि बाहेरच्यांनी ठेका धरायचा. ब्रिटनच्या ट्रेड्स युनियन काँग्रेसने सप्टेंबर २०२३ मध्ये युक्रेनविषयीचा ठराव केला, त्यावरून तिथल्या डाव्यांत बरीच खडाजंगी झाली, ती साधारण याच मुद्द्यावर. शिवाय समाजवादी चळवळीतली ‘साथी’ ही हाक मराठीत आहेच. साथीचे रोगही असतात, हे खरं, पण वाक्यात तो गोंधळ होत नाही.

तेव्हा शीर्षक : ‘आक्रमणाशी झुंजणाऱ्या युक्रेनी जनतेला कामगार चळवळीची साथ’. आतल्या मजकुरात क्रियापदं वापरा : साथ देतो, पाठीशी उभे आहोत, त्यांच्या लढ्यात सामील आहोत. इंग्रजीला नाम लागतं म्हणून मराठीने प्रत्येक वेळी नाम शोधत बसू नये. घोषणेसाठी ‘एकजूट’ ठेवा. १९८० साली ग्दान्स्कच्या गोदीत जन्मलेल्या पोलिश संघटनेचा उल्लेख आला तर ‘सॉलिडॅरिटी’च लिहा, विशेषनामाचं भाषांतर नको.

‘आक्रमण’ हा तुमचा शब्द बरोबर आहे. ‘स्वारी’ नको, तिला आपल्याकडे बखरींमुळे उगाच रुबाब आहे. ‘लष्करी कारवाई’ तर मुळीच नको, कारण ‘विशेष लष्करी कारवाई’ हे क्रेमलिनने ठेवलेलं नाव आहे.

आणि राजधानी ‘कीव्ह’ लिहा, ‘ह’सकट. युक्रेनी उच्चार ‘की-यिव’च्या जवळचा आहे, म्हणून ‘कीव’ अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण ‘कीवच्या कामगारांना’ असं छापलंत, की वाचणारा क्षणभर अडखळतोच. मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो ‘ह’ जादा समजून काढून टाकेल.