चेहरा नंतर काढ

बेटा,

अनेक आशीर्वाद. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझी व्यंगचित्रं पाहिली. हात चांगला आहे, नाकं तर झकास. पण दर हुकूमशहाला मिशी आणि चाबूक, वर चार ओळींचा मजकूर! मजकूर झाकून आजीला दाखव. तिनं ‘हाऊ कोन शे?’ विचारलं की समज, चित्र फसलं.

सीरियाच्या अली फरजातची चित्रं शोधून बघ. वर्षानुवर्षं त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही. पोट सुटलेले सेनापती, खुर्चीला चिकटलेले साहेब, शब्द जवळपास नाहीतच. सेन्सॉरच्या हाती काही लागायचं नाही आणि लोकांना बरोबर कळायचं. २०११ च्या उठावात मात्र तो थेट तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष बशर अल-असदवर आला. एका चित्रात लिबियाचा हुकूमशहा गडाफी गाडी दामटत पळतोय आणि असद सुटकेस घेऊन त्याच्याकडे लिफ्ट मागतोय. त्याच ऑगस्टमध्ये दमास्कसमध्ये बुरखेधाऱ्यांनी फरजातला उचलून नेलं आणि त्याचे हात चेचले. नंतर तो कुवेतला गेला, हात बरे झाल्यावर पुन्हा काढू लागला. माझं विचारशील तर असदच्या चेहऱ्यापेक्षा ती सुटकेसच जास्त झोंबली असणार.

व्हेनेझुएलाच्या रायमा सुप्रानीनं २०१४ मध्ये चेहरा काढलाच नाही. वर धडधडत्या हृदयाचा ईसीजी, खाली दिवंगत राष्ट्राध्यक्ष चावेझची सही, आणि सही संपते तिथून सपाट रेघ. विषय देशातल्या आरोग्यसेवेचा. ती सही तिथल्या सरकारी घरकुलांच्या भिंतींवर रंगवलेली असायची, त्यामुळे कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. वर्तमानपत्रानं तिला काढून टाकलं. आता ती मायामीत असते.

‘बाहेर गेलं की मोकळेपणानं काढता येतं ना?’ असं तू विचारलंस. रामोन एसोनो एबाले हा व्यंगचित्रकार पॅराग्वेत राहत होता. २०१७ मध्ये पासपोर्टच्या कामासाठी इक्वेटोरियल गिनीला, म्हणजे स्वतःच्याच देशात गेला आणि थेट तुरुंगात पोहोचला. सुटायला पुढचं वर्ष उजाडलं. आणि जे परत जातच नाहीत, त्यांची रोजची गल्ली सुटते. बाजारातला भाव, रेशनची रांग, नवी अफवा, सगळं फोनवरून ऐकायचं. ती सही रायमाच्या डोळ्यांत आधीच भरलेली होती, म्हणून चित्रात उतरली.

तुला तर सगळं पायाशी आहे. जळगावात वाढदिवसाचे फ्लेक्स बघ. मधे साहेब, खाली ओळीनं लहान लहान होत गेलेले शुभेच्छुक, शेवटच्या पोराचा तर नुसता गॉगल दिसतो. साहेबांचा चेहरा कोराच ठेव, पण ती खालची ओळ नीट काढ. बाजार समितीत केळीचा भाव पुकारताना कोण कुणाकडे बघतं, तहसीलमध्ये शिपाई कुणाला खुर्ची देतो, हेही वहीत टिपून ठेव. फोटो काढत बसू नकोस, फोटो काढला की डोळा आळशी होतो.

फ्लेक्सचं चित्र आधी पाठव, मजकुराशिवाय.

तुझे,
सर