मेलिंग लिस्ट : किती काढायच्या, कुठली बंद ठेवायची

ओपन सोर्स प्रोजेक्टांच्या मेलिंग लिस्टबद्दल (एका पत्त्यावर मेल टाकली की सगळ्या मेंबरना जाते ती) तेच चार प्रश्न फिरून फिरून येतायत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्रश्न : आम्ही सहा डेव्हलपर आहोत. डेव्ह, युजर, अनाउन्स, डिझाइन अशा किती लिस्ट काढू?

एक.

प्रश्न : याहूवाल्या मेंबरच्या मेल बाकीच्यांना पोचत नाहीत. कुणीतरी म्हणालं लिस्ट ब्लॅकलिस्ट झालीय, पेड सर्व्हिस घ्या.

त्या कुणीतरीला सर्व्हिस विकायची असेल. याहूने एप्रिल 2014 मध्ये डीमार्क (खोट्या पत्त्याने आलेली मेल अडवायचा नियम) कडक केलं तेव्हापासूनची रड आहे ही. लिस्ट सब्जेक्टमध्ये आपलं नाव घुसवते, खाली फुटर चिकटवते, मग मूळ डीकिम सही (मेल वाटेत बदलली नाही याची खूण) मोडते आणि पलीकडचा सर्व्हर मेल नाकारतो. मेलमनमध्ये (लिस्ट चालवायचं सॉफ्टवेअर) फ्रॉमच्या, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी लिस्टचा पत्ता टाकायची सोय आहे, पण आधी बाउन्स मेसेज (मेल परत आल्याची सूचना) सर्व्हर सांभाळणाऱ्याला दाखवा, अंदाजाने सेटिंग फिरवू नका.

प्रश्न : कोअर टीमची प्रायव्हेट लिस्ट आहे, तिथे सगळं पटकन ठरतं. चालेल ना?

नाही चालणार. पटकन ठरतं कारण नाही म्हणणारं कुणी तिथे नसतंच! एका प्रोजेक्टात नव्या मुलीने दोन आठवडे खपून पॅच (कोडमधला बदल) पाठवला, उत्तर काय आलं, तर "हे आपण वेगळ्या पद्धतीने करायचं ठरवलंय". आपण म्हणजे कोण? अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रोजेक्टांना प्रायव्हेट लिस्ट असते, पण ती नवा कमिटर (थेट कोड बदलायचा हक्क असलेला) घ्यायचा का, माणसांच्या तक्रारी, कायद्याचं काही, असल्याच गोष्टींसाठी, बाकी सगळं उघड्या डेव्ह लिस्टवर, रिलीजचं मतदानसुद्धा, आणि तेही निदान 72 तास, कारण कुणी पुण्यात झोपलेलं असतं तेव्हा कुणी अमेरिकेत कामाला बसलेलं असतं. आणि नंतर उघड करू म्हणाल तर डेबियन या लिनक्स प्रोजेक्टकडे बघा, जुन्या प्रायव्हेट मेल तीन वर्षांनी खुल्या करायचं 2005 मध्ये मतदानाने ठरलं, झालं काहीच नाही, शेवटी 2016 मध्ये परत मतदान घेऊन लिस्ट प्रायव्हेटच राहील हे मान्य करावं लागलं. सिक्युरिटीच्या रिपोर्टसाठी मात्र बंद लिस्ट हवीच, तिच्यावर कोण कोण असावं हे असलं काम केलेल्या माणसाला विचारूनच ठरवा.

प्रश्न : दर 1 तारखेला लिस्टचा पासवर्ड मेलमध्ये उघडा येतो. नॉर्मल आहे का?

मेलमन 2 मध्ये नॉर्मल आहे, म्हणून तर ते सोडा म्हणतोय. ते पायथन 2 वर, म्हणजे पायथन भाषेच्या जुन्या आवृत्तीवर चालतं, त्याचा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला. पुढच्या रिलीजनंतर बघू म्हणत किती रिलीज काढले? एमबॉक्स फाइलींचा (यात लिस्टच्या जुन्या मेल साठतात) बॅकअप घ्या, अर्काइव्हच्या जुन्या लिंका मोडतील का ते असं मायग्रेशन, म्हणजे लिस्ट नव्या सॉफ्टवेअरवर हलवायचं काम केलेल्या कुणाला तरी विचारा, मग हात घाला. आणि तोच पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरत असाल तर तो आजच बदला.